बिबळ्याचा चौथा पाय

गेंड्याच्या पायाला बोटं किती असतात, सांगा बघू. नाही ना येत? मलाही येत नव्हतं. चांगली बी.ए. झाले होते, तरी येत नव्हतं. गेंड्याला तीन, पाणघोड्याला चार, शहामृगाला दोन. आपल्याकडच्या हत्तीला पुढच्या पायाला नखं पाच आणि मागच्याला चार. हे सगळं मला विश्राम मेस्त्रींनी शिकवलं. मेस्त्रींना वाचता यायचं ते जेमतेम बसची पाटी वाचण्याइतकं. मेस्त्री गेले त्याला आता वर्ष होईल. अजूनही टीव्हीवर एखादा प्राणी दिसला की मी आधी त्याच्या पायांकडे बघते. आमचे हे म्हणतात, तोंड बघ की जरा त्याचं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, एका गल्लीच्या टोकाला, आमचा खेळण्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याची शेड, चार मशिनं, दोन पंखे आणि दारात झोपलेला मोती नावाचा कुत्रा. प्लास्टिकचे प्राणी बनायचे. एक पाकीट जंगली प्राण्यांचं, एक डायनोसॉरचं, बारा-बारा नग. मी विठ्ठलवाडीहून चालत यायचे. प्राणी मशिनातून निघाला की त्याच्या कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा राहतो, तो ब्लेडने काढायचा आणि पाकीट भरायचं, हे माझं काम. पुढे पाकिटामागच्या पुठ्ठ्यावर प्राण्यांची माहिती छापायची टूम निघाली. हल्ली आईबापांना खेळणंसुद्धा अभ्यासाचं लागतं. आमचे सिंधी मालक हरेशभाई म्हणाले, "प्रतिभा पढी-लिखी है, वो लिखेगी." तेव्हापासून मेस्त्री मला मास्तरणी म्हणायला लागले. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मेस्त्री डाय बनवायचे. डाय म्हणजे लोखंडाचा साचा, दोन अर्धुकांचा. त्यात गरम प्लास्टिक दाबून भरलं की आत प्राणी तयार होतो. पण डाय कोरणं म्हणजे सगळं उलट काम. हत्तीचं पोट जिथे फुगतं तिथे लोखंडात खळगा पाडायचा, डोळ्याची खाच हवी तिथे उंचवटा सोडायचा, डावं ते उजवीकडे. मेस्त्री तासन् तास त्या पोकळ, आत-बाहेर झालेल्या जनावरात डोकं खुपसून बसायचे. मी एकदा डोकावून बघितलं तर मला काही म्हणजे काही कळलं नाही.

"हे काय आहे?"

"जिराफ."

"कुठाय जिराफ?"

"अजून नाय इलो," मेस्त्री म्हणाले. "त्येची जागा फक्त करून ठेवतंय."

कुडाळकडचे होते. चाळीस वर्षं अंबरनाथला काढली, पण खूश झाले किंवा चिडले की मालवणी सुटायची, एरवी आपलं मुंबईचं मराठी. उंच, वाळकुडे, खाकी शर्ट, डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं. तरुणपणी कुठल्याशा पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेलं होतं. शर्टाच्या खिशात तंबाखूची डबी, पण तिच्यात तंबाखू कधीच नसायची. बालवाडीतली पोरं खेळतात तो रंगीत मेणमातीचा गोळा असायचा. सगळे रंग एकमेकांत मळून त्याचा करडा लगदा झाला होता. डायच्या खळग्यात तो गोळा दाबायचा, अलगद सोडवायचा आणि मग बघायचं, पाय कसा आला, कान कसा आला. ही सवय अशी लागली होती की चहाच्या टपरीवर उभे असले तरी हात चालू. किल्लीचा छाप घे, नाण्याचा घे, समोर कोणी बिस्किट ठेवलं तर त्याच्यावरच्या नक्षीचा घे. हरेशभाई म्हणायचे, "मेस्त्री को बैंक में मत भेजो, तिजोरी का छाप लेके आएगा."

माझ्या पहिल्याच पुठ्ठ्यावर आमचं वाजलं. मी झोकात लिहिलं होतं: 'डायनोसॉर हा आदिमानवाचा सर्वात मोठा शत्रू होता.' मेस्त्रींनी मला ते वाचून दाखवायला लावलं. ऐकलं, आणि हातातली कानस खाली ठेवली.

"तेव्हा माणूस खंय होतो?"

"गुहेत," मी म्हटलं.

"तू बघितलंस?"

"अहो काका, सिनेमात दाखवतात की."

"सिनेमात मेलेलो हिरो पण उठून नाचता." मग मशिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी मला ऐकवलं की डायनोसॉर संपले त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी माणूस आला, दोघांची गाठ कधी पडलीच नाही. एवढंच नव्हे, तर आमच्या पाकिटात शेजारी-शेजारी बसणारे पाठीवर पाट्या असलेला तो स्टेगोसॉरस आणि मोठ्या जबड्याचा टी-रेक्स यांचीही एकमेकांशी ओळख नव्हती. त्या दोघांत जेवढा काळ गेला, तेवढासुद्धा टी-रेक्स आणि आपल्यात गेलेला नाही. "आणि तो उडणारो, तो डायनोसॉरच नाय. तो येगळो." मला वाटलं हा माणूस थापा मारतोय. घरी जाऊन मोबाइलवर शोधलं. शब्दन् शब्द खरा. दुसऱ्या दिवशी गुपचूप पुठ्ठा बदलला. मेस्त्रींनी वाचून दाखवायला सांगितलं, मान हलवली आणि परत डायमध्ये डोकं घातलं.

त्यांचं ज्ञान यायचं रद्दीतून. कॅम्पातल्या रद्दीवाल्यांकडे जुनी इंग्रजी पुस्तकं यायची. मेस्त्री त्यातली प्राण्यांची चित्रं चाळायचे. अक्षरं कळत नसत, म्हणून चित्रं मोजायचे. बोटं मोज, दात मोज, मानेचे मणके मोज. मजकूर कोणाकडून तरी वाचून घ्यायचे, पण त्यावर विश्वास ठेवायचा तो मोजून झाल्यावरच. जिराफाच्या मानेत सातच मणके असतात आणि माणसाच्याही सातच, हे त्यांनी एका सांगाड्याच्या चित्रावर पेन्सिल टेकवत मला दाखवलं. पुढचे आठ दिवस मी स्वतःची मान चाचपत फिरत होते.

एकदा कारखान्याची सहल राणीच्या बागेत नेली होती. आम्ही बायका डबे सोडून बसलो, पोरं पेंग्विन बघायला पळाली. मेस्त्री पाणघोड्यासमोर जे उभे राहिले ते हलेनात. पाणघोडा पाण्यात. त्याची नुसती पाठ वर. जेवण झालं, आइस्क्रीम झालं, उन्हं कलली. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "पाय बघूचे आसत." मी म्हटलं, काका, तो काय तुमच्यासाठी पाय वर करून दाखवणार आहे का?  शेवटी खाणं आलं तेव्हा पाणघोडा बाहेर निघाला, कठड्याजवळ आला. मेस्त्रींनी चारही पाय मोजले. "चार, चार, चार, चार," असं मोठ्याने म्हणाले, आणि मगच बसमध्ये चढले. तोवर ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून सगळी बाग जागी केली होती.

पण मेस्त्री कोण होते ते मला कळलं टी-रेक्सच्या वेळी. जुन्याची डाय झिजली होती, म्हणून हरेशभाईंनी नव्यासाठी बाहेरचं एक सॅम्पल आणून दिलं होतं, त्यावरून मेस्त्री डाय कोरत होते. काम संपत आलं आणि रद्दीत एक सांगाडा सापडला. सॅम्पलला पुढच्या हाताला तीन बोटं होती, सांगाड्याला दोन. मेस्त्रींनी आणखी चार चित्रं मिळवली. सगळीकडे दोन. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. डायमधून लोखंड कोरून काढलं की खेळण्यावर तेवढं वाढतं. ते सोपं. पण खेळण्यावरचं काही कमी करायचं असेल तर डायमध्ये लोखंड भरावं लागतं. वेल्डिंग मारा, मग ते पुन्हा घासा, आणि उष्णतेने डाय तडकली तर सगळंच गेलं. आमच्या हरणाची डाय तशीच तडकली होती. म्हणून हरेशभाईंचा नियम होता, चलती डाय को हाथ नहीं लगाने का.

मेस्त्री केबिनमध्ये गेले. मी पुठ्ठे दाखवायला तिथेच उभी होते.

"सेठ, एक बोट भरायला लागेल."

"अरे साईं, बच्चा उंगली गिनेगा क्या? एक उंगली से क्या फरक पड़ता है?"

मेस्त्रींनी डावा हात टेबलावर ठेवला. अर्ध्या बोटासकट. पंखा गरगरत होता. हरेशभाईंनी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग टेबलावरच्या चहाकडे. "भर दो," म्हणाले. "भर दो साईं." माणूस वाईट नव्हता, धंद्यात होता इतकंच.

असा हा सगळ्यांच्या चुका काढणारा माणूस. त्याची स्वतःची चूक उघडी पडली ती बारवी धरणाकडे.

आमच्या पॅकिंगमधली सुगंधा तिकडच्या एका पाड्यातली. थंडीत तिने सगळ्यांना रविवारी घरी पोपटीला बोलावलं. वालाच्या शेंगा, अंडी मडक्यात घालून वर भांबुर्डीचा पाला लावला आणि जाळ केला. ते शिजेपर्यंत आम्ही धरणाच्या पाण्याकडे गेलो. सुगंधाची सासू हौसाबाई बरोबर होती. शेळ्यांमागे जन्म गेलेली, पायाने आमच्या दुप्पट चपळ. काठच्या ओल्या चिखलात एक ठसा होता. मागे एक गादी, पुढे चार बोटं, स्वच्छ उमटलेली.

"रातीचा हाय," हौसाबाई म्हणाली. "वाघरू. पानी प्यायला येतो."

आम्ही बायका चार पावलं मागे सरलो. मेस्त्री चार पावलं पुढे गेले आणि गुडघ्यावर बसले.

"नखं कुठायत?" ते म्हणाले.

"कसली नखा?"

"बिबळ्याची. बोटांपुढे नखं उमटली नाहीत."

हौसाबाई हसायलाच लागली. "तो काय कुत्रा हाय का मेस्तरी, नखा घासत चालायला? कुत्र्याची नखा दिसतात. ह्यो आत घेऊन चालतो, धार जाऊ नये म्हनून. चढावर नायतर चिखलात पाय घसरला तरच काढतो."

मेस्त्रींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कोणी भर बाजारात थोबाडीत द्यावी तसा. त्यांनी खिशातली डबी काढली, गोळा मऊ केला आणि हळूच त्या ठशात दाबला. सोडवला तर हातात बिबळ्याचा पाय. चार बोटं, एक गादी. जंगलातल्या जनावराने स्वतःच चिखलात डाय पाडून ठेवली होती, म्हणाले नंतर. तेव्हा मात्र पोपटीसुद्धा नीट खाल्ली नाही. सुगंधाला वाटलं मीठ जास्त झालं.

परतताना बदलापूरला रिक्षातून उतरल्यावर त्यांनी मला सांगितलं. आमच्या पाकिटातले वाघ-सिंह तयार घेतलेल्या डायमधले होते. बिबळ्या मात्र पूर्ण मेस्त्रींचा. कारखान्यात आल्यावरची त्यांची पहिली डाय. ठिपके किती सुंदर होते, पोकळ गोलांचे गुच्छ, एकही गोल दुसऱ्यासारखा नाही. पण पाय कोरताना समोर पायांचं चित्र नव्हतं, चित्रात पाय नेहमी गवतात असतात.

"मग?"

"मगे काय. दारात मोती होतो ना."

म्हणजे आमच्या मोत्याच्या आधीचा मोती. मेस्त्रींनी कुत्रा धरून, त्याचे पंजे चाचपून बिबळ्याचे पाय कोरले होते. सोळाच्या सोळा नखं बाहेर. मला इतकं हसू आलं की रस्त्यावर बसायची वेळ आली. आणि मग मी त्यांच्याकडे बघितलं आणि लाज वाटली.

मी म्हटलं, सेठना सांगा, टी-रेक्ससारखं भरून घ्या. ते म्हणाले, "ती दुसऱ्याची चूक होती, म्हणून भांडलो. स्वतःच्या चुकीसाठी कुठल्या तोंडाने भांडू?" शिवाय बिबळ्या सगळ्यात जास्त खपायचा, त्याची डाय मशिनावरून खाली उतरतच नसे. मेस्त्री रोज तिच्याजवळून जात. करड्या गोळ्यातला तो पाय त्यांनी मोडला नाही. त्यांच्या टेबलावर कानशींच्या शेजारी ठेवून दिला आणि डबीसाठी नवा गोळा आणला.

अशी सात-आठ वर्षं गेली. मेस्त्रींना शुगर होती, ती डोळ्यांवर आली. बघायचं त्याच्या मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचे. तरी काम सोडलं नाही. आणि मग एका सोमवारी हरेशभाईंनी आम्हाला गोळा करून सांगितलं की कारखाना बंद. मुलांना हा धंदा नको होता. मशिनं विकली, डाया गुजरातच्या एका पार्टीने घेतल्या, शुक्रवारी टेम्पो येईल. सुगंधा रडायला लागली. मी मनातल्या मनात घरचे हप्ते आठवत होते. मेस्त्री उठले आणि सरळ केबिनमध्ये गेले. मी मागोमाग. मला राहवलं नाही.

"सेठ, बिबळ्याचे पाय दुरुस्त करायचेत."

"अब?" हरेशभाई ओरडलेच. "सौदा हो गया मेस्त्री! तड़क गई तो मैं क्या जवाब दूँ?"

"तडकणार नाही. पितळ भरतो, लोखंड नाही. कमी उष्णतेत होतं."

"साईं, किसको पता है? आज तक किसी ने बोला?"

मेस्त्री म्हणाले, "माका पता आसा." मग मराठीवर आले. "सेठ, ही डाय माझ्यानंतरही चालणार. पन्नास वर्षं पोरं हा बिबळ्या हातात घेणार, आणि तो कुत्र्याच्या पायाने चालणार. सत्तावीस वर्षांत त्या एका बोटाशिवाय मी तुमच्याकडे काय मागितलं?"

हरेशभाईंनी कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "फ्राइडे को टेम्पो आएगा. उसके पहले."

चार दिवस. सोळा नखं. शेजारच्या शेडमधला वेल्डिंगवाला येऊन एकेका नखाच्या खळग्यात पितळेचा थेंब सोडायचा आणि मग मेस्त्री तो घासून बोटाच्या गोलाईत मिळवायचे. पहिल्या दिवशी गाल डायला टेकवून, डोळा तिरका करून बघत होते. दुसऱ्या दिवशी डोळे मिटूनच घेतले. अंगठा फिरवायचा, कानस, अंगठा, बारीक पॉलिश कागद, अंगठा. दर वेळी मेणमाती दाबून तो छाप माझ्या हातात द्यायचे. "बघ मास्तरणी. काय दिसता?" मी म्हणायचे, जरा टोक आहे. की परत कानस. माझ्या स्वतःच्या कामाचे वांधे झाले होते, पण मी बसून राहिले. गुरुवारी संध्याकाळी तीन पाय पूर्ण, चौथ्याची तीन नखं पूर्ण. मागच्या उजव्या पायाचं शेवटचं नख घासताना पितळेचा थेंबच टक्कन निघून आला. धरलाच नव्हता. वेल्डिंगवाला तोवर घरी गेला होता. मेस्त्री म्हणाले, ठीक आहे, सकाळी लवकर मारू.

सकाळी आलो तर सगळ्या गल्लीत शांतता. एक मशीन वाजत नाही. वेल्डिंगवाला दारात विडी ओढत बसलेला.

"आज शुक्रवार ना," तो म्हणाला. "लाइट नाय."

दुरुस्तीसाठी दर शुक्रवारी आमच्याकडे वीज बंद असते. शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि सेठ, वेल्डिंगवाला, मेस्त्री नि मी, आम्ही चौघे शहाणे चार दिवस शुक्रवार शुक्रवार करत होतो, एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी कपाळावर हात मारला. मेस्त्रींनी नुसतं विचारलं, टेम्पो कधी? अकराला.

मग त्यांनी दोन वड्या एकत्र मळून लावतात ती धातूची लांबी आणायला सांगितली, पाण्याची टाकी गळली की लावतो ना, त्याच जातीची. तिळाएवढा गोळा केला, नखाच्या खळग्यात बसवला आणि वर अंगठा दाबून धरला. टेम्पो आला. बाकीच्या डाया चढल्या. हत्ती गेला, गेंडा गेला, टी-रेक्स गेला. मेस्त्री अंगठा काढेनात. ड्रायव्हरने हॉर्न मारला. पार्टीचा माणूस आत येऊन म्हणाला, "काका, चलो ना." हरेशभाईंनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि चहा पाजला. शेवटी मेस्त्रींनी अंगठा उचलला, मेणमाती दाबली, माझ्या हातात दिली. नख नव्हतं.

"झालं काका!"

"थंड लोखंडात झालां," ते म्हणाले. "गरम प्लास्टिकात टिकतलां की नाय, कोणाक ठावक."

डाय गेली. मोती टेम्पोच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत भुंकत गेला.

त्यानंतर मी बदलापूरला राहायला गेले. महिन्या-दोन महिन्यांनी मेस्त्रींचा फोन यायचा. नंबर काकू, म्हणजे मेस्त्रींच्या मिसेस, लावून द्यायच्या. तब्येत, मुलं, काही नाही. एकच प्रश्न. "बिबळ्या मिळालो काय गो?" मी दुकानादुकानातून बघायचे. कॅम्पात बघितलं, बदलापुरात बघितलं. बारा प्राण्यांची पाकिटं खूप, पण आमचा तो नाही. आणि खोटं कशाला बोलू, कधी कधी मला त्या फोनचा कंटाळा यायचा. नाही मिळाला काका, म्हणून ठेवून द्यायचे.

तशात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बिबळ्या आला. म्हणजे बातमी आली. कुंपणाजवळच्या मातीत ठसा, त्याचा फोटो, आणि लाल अक्षरात कोणीही खाली उतरू नये. अख्खी इमारत दारं लावून बसली, दूधवाल्याला फाटकावरून परत पाठवला. मी फोटो मोठा करून बघितला. चार बोटं आणि पुढे चार ठिपके. खाली उतरले, चप्पल घालून सरळ तिथे गेले. वरून सगळ्या खिडक्यांतून बायका ओरडतायत. मी म्हटलं, "कुत्रा आहे हो! नखं दिसतायत!" सेक्रेटरीने विचारलं, तुम्ही फॉरेस्टमध्ये होता का? मी म्हटलं, नाही, पॅकिंगमध्ये. त्या दिवशी मला मेस्त्रींची इतकी आठवण झाली की मीच त्यांना फोन केला. पहिल्यांदा.

गेल्या महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेत गेले. देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी दुकानं, धूळ, पिपाण्या. एका ताडपत्रीवर प्लास्टिकची पाकिटं मांडली होती. मी लांबूनच ठिपके ओळखले. रंग बदलला होता, आमचा पिवळा, यांचा केशरी. पण तो बिबळ्या आमचाच. मी पाकीट घेतलं आणि उघडलं नाही. अंगात धीरच नव्हता. तशीच मेस्त्रींच्या घरी गेले, देवळापासून दहा मिनिटांवर.

मेस्त्री दाराशी खुर्चीत बसले होते. आता काहीच दिसत नव्हतं. काकूंनी उपासाची रताळी पुढे केली. मी पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी वास घेतला. प्लास्टिकचा. 

सरळ बिबळ्या नाही काढला. आधी हत्ती, मग गेंडा. "तीन," म्हणाले, "बरोबर." मग बिबळ्या. पाठीवरून अंगठा फिरवला, प्रत्येक ठिपक्यावर थांबत. मग खिशातली डबी काढली. पुढचा डावा पाय गोळ्यावर दाबला, छाप चाचपला. साफ. पुढचा उजवा. साफ. मागचा डावा. साफ. काकू रताळी हातात धरून तशाच उभ्या होत्या. मागचा उजवा.

अंगठा थांबला.

मी वाकून बघितलं. एक नख. टोकदार, स्वच्छ. लांबी गळून पडली होती. म्हटलं, "काका, पंधरा गेली ना. एकच राहिलं."  त्यांनी तोंड असं आवळलं की मला वाटलं आता बिबळ्या फेकून देतात. बाहेर पिपाण्या वाजत होत्या. मेस्त्रींनी परत तो पाय गोळ्यावर टेकवला, परत चाचपला. मग म्हणाले,

"ती म्हातारी काय म्हणालेली गो? धरणावरची."

"हौसाबाई? ती म्हणालेली, चढावर नाहीतर चिखलात पाय घसरला तर नखं काढतो."

"किती पाय घसरतत एका वेळी?"

मी म्हटलं, "एखादा घसरत असेल."

"मागचोच ना?"

"चढताना मागचाच."

मेस्त्रींनी मान हलवली. मला ती हलकी वाटली, सात मणके मोकळे झाल्यासारखी. मग पाकिटाचा पुठ्ठा चाचपून माझ्याकडे दिला. "हेच्यार काय लिहिलाहा?" मी वाचलं. कोणीतरी दोन ओळी खरडल्या होत्या, बिबळ्या मांस खातो, झाडावर चढतो. "पेन आसा तुझ्याकडे? लिही." मी पर्समधून पेन काढलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले.

"वाच आता, मास्तरणी."

मी वाचलं: "बिबळ्या चालताना नखं आत घेतो. पाय घसरला तर त्या पायाचं नख बाहेर काढतो. हा बिबळ्या चढण चढतो आहे."

"आता खरां झालां," मेस्त्री म्हणाले. मग त्यांनी डबी मिटून खिडकीच्या कट्ट्यावर आडवी ठेवली, बिबळ्याचे पुढचे दोन पाय तिच्यावर चढवले आणि मागचा उजवा अंगठ्याने नीट टेकवला. मी निघाले तेव्हा काकू त्यांना रताळं सोलून देत होत्या, आणि ते एका हाताने खात होते. दुसरा हात बिबळ्याच्या पाठीवर होता.